सावकाश, पायरी आहे

मनामात सदफ टॉकीजच्या दारावर मी होतो,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फाटलेली तिकिटं.
त्र्याऐंशीच्या मे महिन्यात तो सिनेमा लागला.
पोस्टरवर यान, आगीचे लोळ, हिरवट डोळ्यांची बाई.
आत यान होतं.
आग नव्हती. बाई तर नव्हतीच.

एकच माणूस जागा, बाकीचे काचेच्या पेट्यांत झोपलेले.
तो पंप पुसतो, नळ्या तपासतो,
कुंडीतल्या रोपाला चमच्याने पाणी घालतो,
आणि घरून आलेला निरोप ऐकतो.
निरोप निघाला तेव्हा मुलगी बोबडं बोलत होती,
पोचला तेव्हा बहुधा तिलाच मुलं झालेली.
बावीस मिनिटं नुसतं ऐकतो.

गुरुवारची रात्र, हाउसफुल्ल. पब्लिकने खुर्च्या बडवल्या.
रिफायनरीतला एक फिटर उभा राहून ओरडला,
"अरे, पंप तर मी दिवसभर पुसतो!
त्यासाठी दिनार मोजू?"
तीनशे बारा आत गेले होते,
मध्यंतरानंतर एकेचाळीस उरले.
पडदा बाजूला धरून मी प्रत्येकाला म्हणत होतो,
सावकाश, पायरी आहे.
पैसे परत मागणाऱ्यांत एक कोटवाले गृहस्थ होते,
डाव्या कानाची पाळी तुटकी.
त्यांनी समोशाचेही मागितले.

आमच्या खोलीतला सदरुद्दीन परकार, खेडचा, एसीवाला,
आठ दिवसांत सहा वेळा आला.
म्हटलं, काय आहे रे त्यात?
म्हणाला, "काय नाय. कॅसेट हाय."
त्याच्या उशाखाली घरची कॅसेट असायची.
एका बाजूला आईचा खोकला, बकरी, पैशांचा हिशेब.
दुसऱ्या बाजूला बायको,
सगळं बोलून झाल्यावर
टेप बंद कशी करायची ते न कळून
थोडा वेळ तशीच बसलेली.
तेवढाच भाग तो पुन्हा पुन्हा लावायचा.
आम्ही ओरडायचो, बंद कर, सकाळी ड्यूटी आहे.

नवव्या दिवशी कराटेचा सिनेमा लागला.
उरलेल्या पोस्टरांच्या कोऱ्या बाजूवर
हाजी जासिमने वर्षभर बिलं लिहिली.

मग काय झालं कोण जाणे.
कुणी कुठल्या देशात त्यावर पुस्तक लिहिलं,
व्हिडिओच्या दुकानात तो धुळीतून वरच्या फळीवर गेला,
जुनं पोस्टर आता नव्वद दिनारला जातं म्हणे,
बिल लिहिलेलं असलं तर जास्त.
काळाच्या पुढचा सिनेमा, म्हणतात.
पुढचा कसला?
सातव्या रांगेत, पंख्याखाली, बसला होता की त्याचा काळ,
खिशात पाना घेऊन.

या हिवाळ्यात मॉलमध्ये लागला, प्रिंट धुऊनपुसून.
पुतण्याने तिकीट काढलं, सहा दिनार.
सुरुवातीला एका म्हाताऱ्यांच्या हातात माइक दिला.
"पहिल्याच रात्री मी खुर्चीत थिजून गेलो..."
कान मी ओळखला.
गप्प बसलो.
खोटं बोलत नसतील, त्यांना तसंच आठवत असेल.
आवडला होता, असं मीही गेली वीस वर्षं सांगतोय.
खरं तर शेवट मी पाहिलेलाच नव्हता,
शेवटाला दारं उघडायची असत.

सदरुद्दीनला फोन केला होता. त्याला आता कमी ऐकू येतं.
तुझ्या त्या सिनेमाला लोक उभं राहून टाळ्या देतात, म्हटलं.
"कुठला?"
पंपवाला!
बराच वेळ लाइनवर नुसती खरखर.
"तो होय," म्हणाला. "लांब होता रे जरा."

तर शेवट असा:
तो माणूस उत्तर रेकॉर्ड करायला बसतो,
घसा साफ करतो,
आणि सिनेमा संपतो.

पण त्याच्या आधी, निरोपाच्या बाराव्या-तेराव्या मिनिटाला
पुढच्या रांगेतली दोन पोरं जांभई देत उठली.
मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.
मी कडेच्या खुर्चीवर. ती शेजारून जाताना
तोंडातून निघून गेलं,
सावकाश, पायरी आहे.

मॉलमध्ये कसली पायरी, सगळा उताराचा गालिचा.
पण पोरगा अंधारात थांबला,
आणि पायाने
ती शोधत राहिला.